वाळूत क्लच स्लिप मारतोय का? थार, जिप्सी, जिम्नीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा सुरू झाला की महाराष्ट्रातून फोर बाय फोर गाड्या जैसलमेरकडे निघतात आणि मला तेच ते प्रश्न यायला लागतात. बहुतेक जण विचारतात तेव्हा गाडी गॅरेजमध्ये असते आणि गिअरबॉक्स उतरवायचं जवळजवळ ठरलेलं असतं. माझा आग्रह एकच आहे: गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष क्लचचाच आहे हे सिद्ध करा. त्यासाठी डोळे, नाक, कान आणि मोबाइल पुरतो. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ३ आणि ७ वाचा.

१. क्लच स्लिप होतो म्हणजे आत नेमकं काय होतं?

इंजिनाच्या मागे फ्लायव्हील फिरतं. त्याला क्लचप्लेट चिकटून असते आणि प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला दाबून धरते. पाय पेडलवरून काढला की तिन्ही एकजीव फिरायला हवेत. दाब कमी पडला, प्लेट झिजली किंवा तिच्यावर तेल आलं की फ्लायव्हील पुढे धावतं आणि प्लेट मागे राहते. इंजिन रेझ होतं, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाही. या घसरण्यातून उष्णता तयार होते. उष्णतेने प्लेट आणखी गुळगुळीत होते आणि मग आणखी घसरते. म्हणून स्लिप एकदा सुरू झाली की वेगाने वाढते.

२. पुणे ते जैसलमेर गाडी झकास आली. वाळूत शिरल्यावरच क्लच का घसरला?

डांबरी रस्त्यावर गाडी नुसती चालती ठेवायला तिच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का जोर लागतो. मऊ वाळूत तोच आकडा वीस ते तीस टक्क्यांवर जातो. माणसं आणि सामान धरून गाडी १९०० किलोची असेल, तर रस्त्यावर वीस-पंचवीस किलोचा जोर पुरतो आणि वाळूत चारशे ते साडेपाचशे किलोचा लागतो, तोही सपाटीवर. टेकडीचा चढ यात धरलेलाच नाही.

हायवेवर क्लचची परीक्षा होतच नाही. अर्धा झिजलेला क्लच हायवेवर महिनोन् महिने निभावून नेतो आणि वाळूत पहिल्या चढावर उघडा पडतो. वाळूने तुमचा क्लच खराब केला असं दर वेळी नसतं. पुष्कळदा तो आधीच संपत आलेला असतो.

हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून धरल्यावर, किती उष्णता होते तेही बघा. इंजिन २००० आरपीएमला आहे, क्लचमधून १५० न्यूटन मीटर जोर जातोय आणि चाकं रुतल्यामुळे हलत नाहीत. अशा वेळी जवळपास ३१ किलोवॅट उष्णता त्या थाळीएवढ्या प्लेटवर ओतली जाते. घरातले दोन किलोवॅटचे पंधरा गिझर एकदम लावल्यासारखं. दहा सेकंद पुरतात.

३. आरपीएम वाढतोय, गाडी पुढे जात नाही. टायर फिरतायत की क्लच घसरतोय, हे आत बसून कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रस्त्यावर "इंजिन ओरडतंय, गाडी ओढत नाही" म्हटलं की उत्तर सहसा क्लच. वाळूत टायर जागच्या जागी फिरले तरी अगदी तसंच वाटतं.

यासाठी तीन आकडे एकदम पाहायला शिका: टॅकोमीटरवरचा आरपीएम, गाडीचा स्पीडोमीटर आणि मोबाइलवरचा जीपीएसचा वेग. स्पीडोमीटर चाकांचा किंवा गिअरबॉक्सकडून बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग सांगतो. गाडी जमिनीवर खरोखर किती पुढे जाते हे त्याला कळत नाही, ते जीपीएसला कळतं.

आरपीएमबरोबर स्पीडोमीटरही चढला, समजा ३५ दाखवतोय, आणि जीपीएस ५ म्हणतोय, तर टायर फिरतायत. क्लचने त्याचं काम चोख केलंय. खाली उतरा आणि टायरमधली हवा आणखी कमी करा. पंधरा-अठरा पीएसआयला टायरचा ठसा लांब होतो आणि गाडी वाळूवर तरंगायला लागते.

आरपीएम एकटाच वर गेला आणि स्पीडोमीटर व जीपीएस दोन्ही एकाच आकड्यावर रेंगाळले किंवा खाली आले, तर क्लच घसरतोय.

टॅकोमीटर नसेल तर कानावर भरवसा ठेवा. टायर फिरताना आवाज चढतो आणि बरोबर वाळू उडते, मडगार्डच्या आत खडखड ऐकू येते, गाडीचं बूड खाली बसत जातं. क्लच घसरताना आवाज चढतो, पण खाली सगळं शांत असतं. सोबत कोणी असेल तर त्याला बाजूला, चाकांच्या रेषेपासून लांब उभं करा आणि नुसतं चाकांकडे बघायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक ते टाळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

या परीक्षेला एक अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

४. ट्रिपला निघण्याआधी घरच्या घरी क्लच तपासता येतो का?

येतो, आणि तपासायलाच हवा. मोकळा, किंचित चढाचा रस्ता निवडा. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-४५ किमीवर या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग आणि आरपीएम हातात हात घालून वाढले पाहिजेत. गिअर तोच असेल तर दोघांचं प्रमाण बदलत नाही: २००० आरपीएमला ४५ किमी असेल, तर ३००० ला साडेसदुसष्ट. ३००० ला गाडी ५५ वरच असेल, किंवा काटा मध्येच टुणकन वर उडून खाली आला, तर क्लच घसरलाय. आकडे सोबतच्या माणसाने वाचावेत, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर राहू द्या.

टर्बो गाड्यांत ही स्लिप ठरावीक जागी पकडता येते. नव्या थारच्या डिझेलला ३०० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएममध्ये मिळतो, म्हणून तिथेच लक्ष ठेवा. जिप्सीचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन जेमतेम १०३ न्यूटन मीटर देतं आणि तेही ४५०० ला. त्यामुळे जिप्सी जास्त रेव्हवर तपासावी लागते.

५. हँडब्रेक लावून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, इंजिन लगेच बंद पडलं. म्हणजे क्लच चांगला ना?

इंजिन बंद पडलं नाही तर क्लच नक्की गेलाय. बंद पडलं, तर एवढंच कळतं की तो पूर्ण गेलेला नाही. ही परीक्षा थंड क्लचवर आणि कमी आरपीएमला होते. टर्बो अजून भरलेला नसतो, म्हणजे इंजिनाचा खरा जोर प्लेटवर आलेलाच नसतो. त्यामुळे काठावरचा क्लच इथे पास होतो आणि टेकडीवर नापास. माझा विश्वास प्रश्न ४ मधल्या चाचणीवर जास्त आहे.

हँडब्रेकची परीक्षा करायचीच असेल तर सपाट जागा, चाकांखाली दगड, समोर कोणी नाही आणि फार तर दोनदा. काहीजण खात्री पटेपर्यंत सात-आठ वेळा करतात आणि चांगली प्लेट तापवून ठेवतात.

६. जळका वास आला. क्लच संपला का?

एकदा वास आला म्हणजे संपला असं नाही. प्लेटचा वरचा थर तापला की तो कडवट, जळक्या कागदासारखा वास येतो. लगेच थांबा, गाडी न्यूट्रलला घ्या, इंजिन आयडलवर चालू ठेवा आणि क्लचवरचा पाय काढा. फ्लायव्हील फिरत राहिलं की आतली हवा हलते आणि क्लच लवकर थंड होतो. अर्धा तास खरोखर द्या. त्या वेळात चहा करा, टायरची हवा बघा.

मग कडक जमिनीवर प्रश्न ४ ची चाचणी करा. पकड परत आली असेल तर प्लेट वाचली. थंड होऊनही घसरत असेल तर थर काचेसारखा गुळगुळीत झालाय, आणि तो आपोआप पूर्ववत होत नाही. वाळूत खूप चालवल्यावर ब्रेकचा किंवा एक्झॉस्टला अडकलेल्या सुक्या गवताचा वासही येतो. बॉनेट उघडून, वाकून, कुठून येतोय ते नाकाने शोधा. गवत असेल तर आधी ते काढा, आग लागते.

७. जिप्सीचं क्लच पेडल हल्ली वरच पकडतंय. याचा स्लिपशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि गिअरबॉक्स न उतरवता सुटणारा हा सगळ्यात स्वस्त दोष आहे. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, कमी होत जाते. ती शून्यावर आली की पाय पेडलवर नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच उघडणारं) स्प्रिंगच्या बोटांवर दाब देत राहतं. तुम्ही सतत हाफ क्लचवर चालवताय, फक्त तुम्हाला माहीत नाही.

पेडल बोटाने दाबून बघा. साधारण दोन सेंटीमीटर ते अलगद, विनाविरोध जायला हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. कमी असेल तर केबलच्या टोकाचा नट सैल करून चाल आणा आणि पुन्हा चाचणी घ्या. स्लिप गेली तर तुमचे काही हजार रुपये वाचले. नट पूर्ण सैल करूनही चाल मिळत नसेल, तर प्लेट संपलीय.

केबलही बघा. बाहेरच्या आवरणात बारीक वाळू शिरली की केबल जाते पण सरसरून परत येत नाही. पेडल पायाने वर उचलल्यावर स्लिप थांबते का ते बघा. थांबत असेल तर दोष केबलचा किंवा पेडलच्या रिटर्न स्प्रिंगचा.

८. नव्या थारला केबल नाही. थंड असताना क्लच ठीक, तासाभराने घसरायला लागतो. हे काय?

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा क्लच झीज स्वतःच भरून काढतो, त्यामुळे प्रश्न ७ मधला नट इथे शोधू नका. पण "थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लिप" हे ऐकलं की मी आधी तेलाच्या वाटेकडे बघतो, प्लेटकडे नंतर.

पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) छोटं भोक उघडं राहावं लागतं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं तेल टाकीत परत जातं. पेडलची पुशरॉड (पेडल आणि सिलिंडर जोडणारी दांडी) फार घट्ट लावली असेल तर ते भोक झाकलेलं राहतं. तेल फुगतं, वाट मिळत नाही आणि तोच दाब क्लच थोडा उघडा धरून ठेवतो. रबरी होज आतून सुजला असेल तरी हेच होतं: दाबताना तेल जातं, परत येताना अडतं.

परीक्षा सोपी आहे. स्लिप होत असतानाच थांबा, इंजिन बंद करा आणि ब्लीड निपल (तेल बाहेर सोडायची छोटी तोटी) क्षणभर उघडा. तेलाची चिळकांडी उडाली आणि त्यानंतर क्लच पुन्हा पकडायला लागला, तर प्लेट निर्दोष आहे. निपल घट्ट करा, तेलाची पातळी भरा आणि होज किंवा पुशरॉड बघा. हे तेल रंग खातं आणि डोळ्यांना वाईट, चष्मा घाला.

माझ्या स्वतःच्या गाडीत एका गॅरेजने याच लक्षणावर पूर्ण क्लच सेट बदलला. पुढच्या ट्रिपला पहिल्याच दुपारी स्लिप परत आली. काढलेली जुनी प्लेट मी जपून ठेवली होती, ती निम्म्याहून जास्त शिल्लक होती. दोष हातभर लांबीच्या होजमध्ये निघाला. ते पैसे गेले त्यापेक्षा निपल उघडून बघायचं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही, हे मला जास्त लागलं. हे सगळं लिहितोय त्यामागे ती दुपार आहे.

९. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालून तेल टपकतंय. पेट्रोलने प्लेट धुऊन चालेल का?

चालणार नाही. प्लेटचं घर्षणाचं अस्तर तेल पिऊन घेतं. धुतली की दोन दिवस बरी वाटते, तापली की आतलं तेल पुन्हा वर येतं. आधी तेल कुठलं ते ओळखा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनाचं, म्हणजे क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गळतंय. जाड आणि सडक्या गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. सील न बदलता नवी प्लेट घालणं म्हणजे तीही तेलात बुडवणं.

१०. बेलहाउसिंगमध्ये वाळू गेल्याने क्लच घसरतो का?

नुसत्या कोरड्या वाळूने क्वचितच. तिने आवाज येतो, क्लच सोडताना गाडी थरथरते, फोर्कचा (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या पट्टीचा) सांधा आणि रिलीज बेअरिंग खराब होतं. फोर्क वाळूने अडकून पूर्ण मागे आला नाही तर मात्र स्लिप होते, आणि लक्षण प्रश्न ७ मधल्या अडकलेल्या केबलसारखंच दिसतं. फोर्कच्या रबरी बुटाला चीर असेल तर निघण्याआधी बदला.

११. क्लच नवा आहे, आरपीएम वाढतो, स्पीडोमीटर शून्यावर, गाडी जागची हलत नाही. आता?

हाच तो प्रश्न ३ चा अपवाद. एबीएस असलेल्या गाड्यांत वेग चाकांवरच्या सेन्सरकडून येतो. मागचा ॲक्सल शाफ्ट तुटला तर डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअर) सगळा जोर तुटक्या बाजूला वाया घालवतं. चाकं फिरत नाहीत, स्पीडोमीटर शून्य, आणि चित्र हुबेहूब क्लच गेल्यासारखं.

दोन गोष्टी करा. गाडी टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) असेल तर फोर हायमध्ये (चारही चाकांना जोर) टाका. पुढच्या चाकांनी ती चालू लागली तर क्लच ठीक आहे, मागे काहीतरी तुटलंय. दुसरं, कोणाला तरी लांबून वाकून खालचा प्रोपेलर शाफ्ट बघायला सांगा. शाफ्ट फिरतोय आणि गाडी हलत नाही, तर जोर क्लचच्या पलीकडे पोचलाय. गाडी चालू असताना खाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही.

जुन्या गाड्यांत पुढचे फ्रीव्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे चाकावरचे लॉक) लॉक नसतील तर फोरमध्ये टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. आधी हब बघा.

१२. फोर हायमध्ये स्लिप होते, फोर लोमध्ये होत नाही. म्हणजे दोष ट्रान्सफर केसमध्ये का?

नाही, दोष क्लचमध्येच आहे, फक्त लोमध्ये तो झाकला जातो. फोर लो म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ. त्यात ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्समागचा डबा) जोर दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाढवते. चाकांना तेवढाच जोर द्यायला क्लचवर निम्माच भार येतो, म्हणून अशक्त क्लचही धरून ठेवतो. याचा उपयोग प्रश्न १५ मध्ये आहे.

याउलट टू हायमध्ये वाळूत स्लिप दिसत नाही, कारण क्लच घसरण्याआधी मागची दोन चाकंच फिरून मोकळी होतात. "टू हायमध्ये बरोबर आहे" हा क्लच चांगला असल्याचा पुरावा धरू नका.

१३. टायर मोठे केले तर फरक पडतो का?

पडतो. जिप्सीच्या २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातले की चाकाचा व्यास साधारण दहा टक्के वाढतो. म्हणजे तेवढ्याच ओढीसाठी क्लचवरही दहा टक्के जास्त भार. शिवाय स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवतो, त्यामुळे प्रश्न ३ मधले आकडे त्या हिशेबाने वाचा. टर्बो गाडीचं रीमॅप (इंजिनाच्या संगणकात बदल करून जोर वाढवणं) केलं असेल तर क्लचला नव्या टॉर्कची सवय नाही, आणि स्लिप तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आधी दिसेल.

१४. दुबईत जुनी मॅन्युअल निसान पॅट्रोल आहे. सिरॅमिकचा कडक क्लच घालू का?

तिकडच्या मराठी मित्रांकडून हे दर हंगामात येतं. अबू धाबीतल्या लिवा वाळवंटाच्या उंच टेकड्यांवर ४.८ लिटरचं इंजिन पूर्ण ताकदीने चालवणार असाल तर दणकट प्रेशर प्लेट हवीच. पण प्लेट ऑरगॅनिक हेवी ड्युटी घ्या. सिरॅमिक एकदम पकडतो, आणि मऊ वाळूत त्या झटक्याने टायर खड्डा खणतात. रोज ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर डावा पाय तुम्हाला शिव्या देईल.

ऑटोमॅटिक गाडीला हा क्लच नसतो, तिथे तेलाचं तापमान बघायचं. भाड्याच्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटच्या) बग्ग्यांत जोर सहसा पट्ट्याने जातो. जळक्या रबराचा वास आला तर पट्टा घसरतोय, त्याची परीक्षा वेगळी.

१५. वाळवंटाच्या मध्यात क्लच घसरायला लागला. परत कसं यायचं?

आधी थंड करा (प्रश्न ६), मग प्रश्न ७ किंवा ८ मधलं जे लागू असेल ते तपासा. मग टायरची हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, जड सामान आणि माणसं सोबतच्या गाडीत द्या. वाळूत फोर लो लावा आणि पहिल्या गिअरमध्ये उचला. ॲक्सिलरेटर पाव दाबून, टर्बो भरू न देता, टेकड्यांच्या मधल्या सपाटीने या. चढ आला तर वळसा घाला. चढावर थांबलात तर हाफ क्लचवर धरून ठेवू नका, रिव्हर्समध्ये सरळ खाली उतरा. घाई नसेल तर पहाटेपर्यंत थांबा, रात्रीच्या गारव्याने वाळू घट्ट होते.

डांबर लागलं की फोर लो काढा, पार्ट टाइम फोर बाय फोर रस्त्यावर अडकतं आणि काहीतरी तुटतं. वाट शोधताना डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत घुसू नका. जैसलमेरजवळच्या समच्या वाळूचा बराच भाग त्यात येतो, आणि माळढोकाच्या उरल्यासुरल्या जागांपैकी ती एक आहे. तिथे टो करून न्या, पण नवी चाकोरी पाडू नका.

१६. गिअरबॉक्स उतरवलाच. काय काय बदलायचं?

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच. पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सीलही त्याच वेळी, कारण पुन्हा तेवढीच मजुरी लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर फेसिंग करा, म्हणजे लेथवर पृष्ठभाग सपाट करून घ्या. चिरा खोल असतील तर बदला. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) असेल तर त्याला लेथवर घालू देऊ नका.

जुनी प्लेट मागून घ्या आणि बघा. रिव्हेट अस्तराच्या पातळीला आले असतील तर ती संपलीच होती. अस्तर भरपूर आणि पृष्ठभाग काचेसारखा असेल तर ती तापवली गेलीय. अस्तर भरपूर, पृष्ठभाग साधा, तेल नाही, असं असेल तर थांबा: दोष दुसरीकडे आहे आणि तुम्ही प्रश्न ८ कडे परत गेलं पाहिजे.

१७. नवा क्लच दोन ट्रिपमध्ये गेला. माल डुप्लिकेट होता का?

असू शकतो, पण त्याआधी बाकीचं तपासा. फेसिंग न करता तशीच प्लेट चढवली का? बसवताना हाताचं ग्रीस अस्तराला लागलं का? केबल असेल तर पहिल्या ५०० किमीनंतर फ्री प्ले पुन्हा बघितला का? नवी प्लेट फ्लायव्हीलवर पूर्ण टेकायला ते ५०० किमी शहरातलं साधं चालवणं लागतं. शुक्रवारी क्लच बसवून शनिवारी समच्या वाळूत उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यांची प्लेट अर्ध्याच भागावर पकडत होती.

आणि चालवणाऱ्याचा डावा पाय. वाळूत गाडी चालती झाली की तो पाय क्लचवरून उचलून बाजूला, फूटरेस्टवर गेला पाहिजे. पुढच्या ट्रिपला शेजारी बसणाऱ्याला फक्त तेवढंच बघायला सांगा, आणि पाय परत पेडलवर दिसला की मोठ्याने सांगायला.